वाचकांचे प्रश्न : तुमच्या हाताची मजुरी दरात धरलीय का?

या वेळच्या पत्रांत एकच गाऱ्हाणं वेगवेगळ्या धंद्यांतून आलं आहे: काम भरपूर आहे, पण मी स्वतः उभं राहिल्याशिवाय होत नाही. त्यांतली पाच पत्रं घेतली, थोडी कापून. उत्तरांतले दर उदाहरणापुरते आहेत. आपापल्या गावचे आकडे घालून हिशोब पुन्हा मांडावा.

प्रश्न : नाशिकमध्ये 9 वर्षं एसी-फ्रिज दुरुस्तीचं काम करतोय. हाताखाली दोन पोरं आहेत. सीझनला दिवसाला सात-आठ कॉल होतात. पोरांना एकटं पाठवलं की तक्रार येते, शेवटी मलाच जावं लागतं. मागच्या मे महिन्यात वडिलांच्या ऑपरेशनसाठी 12 दिवस घरी होतो, तेवढ्यात दोन सोसायट्या दुसऱ्याकडे गेल्या. अजून दोन माणसं घ्यावीत का?

उत्तर : आत्ता घेतलीत तर तक्रारी दुप्पट होतील, बाकी काही नाही. आधी एक हिशोब करा. तुमच्याइतकं नाही, पण बऱ्यापैकी काम करणारा एकच माणूस धरा आणि तो महिन्याला किती आणतो, किती खातो ते लिहा.

स्प्लिट एसीच्या सर्व्हिसचा दर 600 धरू. सीझनला दिवसाला चार, पावसाळ्यात एखादी. वर्षाची सरासरी अडीच. 26 दिवसांच्या 65 सर्व्हिस, म्हणजे 39,000 रुपये. खर्च असा: पगार 20,000, पेट्रोल 3,500, मोबाईल 300, दिवाळीचा एक पगार बारा महिन्यांत वाटून 1,700, केमिकल आणि किरकोळ सामान 2,600, पुन्हा फुकट जावं लागणाऱ्या कॉलचे 450. झाले 28,550. शिल्लक 10,450. आता फोन घेणारी, वेळा लावणारी एक व्यक्ती 12,000 वर आणि 6,000 भाड्याचा गाळा, हे तिघा कारागिरांत वाटलं तर प्रत्येकाच्या माथी 6,000. तुमच्यासाठी उरले 4,450.

हाच दर 500 असेल तर 32,500 येतात आणि माणूस महिन्याला 2,050 रुपये तोट्यात चालतो. एकटे काम करणारे बरेच जण 500 ला सर्व्हिस करतात आणि त्यांना ते परवडतं, कारण स्वतःचा पगार ते कुठे मांडतच नाहीत. संध्याकाळी खिशात उरलं ते आपलं. ज्या दिवशी तेच काम दुसऱ्याला पगार देऊन करून घ्यायचं ठरतं, त्या दिवशी कळतं की दर मुळातच कमी होता. तेव्हा माणसाच्या आधी दर.

याच हिशोबात आणखी एक खड्डा आहे. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि या कामावर 18 टक्के कर आहे. तीन कारागिरांच्या नुसत्या सर्व्हिसचे वर्षाला 14 लाख होतात. त्यात गॅस, कपॅसिटर, पीसीबी (एसीतलं सर्किट बोर्ड), इन्स्टॉलेशन धरलं की 20 लाख फार लांब नाहीत. घरगुती गिऱ्हाइकाला त्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे त्याला 708 सांगितले की तो कुरकुरणार. आणि 600 मध्येच कर धरलात तर तुमच्या हाती 508 पडतात, म्हणजे पुन्हा तोट्यात. तिसरा माणूस घ्यायच्या आधीच हा दर ठरवून ठेवा.

आता पोरांच्या तक्रारी. तक्रार नेमकी कशाची, हे कुठे लिहिलंय का? नसेल तर पुढच्या 30 तक्रारी वहीत लिहा: तारीख, कोण गेलं होतं, काय बिघडलं. या कामात तीनच गोष्टी पुन्हापुन्हा निघतात: आत पाणी टपकणं, पीसीबी भिजणं, आणि गळती न शोधता गॅस भरल्यामुळे महिन्याभरात कूलिंग पुन्हा जाणं. तिन्हींवर उपाय एकच, काम ठरल्या क्रमाने होणं. तो क्रम तुमच्या डोक्यात आहे, पोरांच्या नाही.

एक पान करा आणि लॅमिनेट करून प्रत्येकाच्या बॅगेत ठेवा. आल्यावर एसी 18 वर लावून 15 मिनिटं चालवायचा. हवा आत ओढली जाते तिथलं आणि थंड हवा बाहेर येते तिथलं तापमान डिजिटल थर्मामीटरने घ्यायचं, फोटो काढायचा. चांगल्या चालत्या एसीत हा फरक साधारण 8 ते 12 अंश असतो. मग एमसीबी (एसीचा मेन स्विच) बंद. पीसीबीवर प्लास्टिक, खाली सर्व्हिस बॅग. जेट पंपाचा फवारा कॉइलवर समोरून सरळ मारायचा. तिरका मारला की फिन्स (कॉइलवरच्या पातळ पट्ट्या) वाकतात आणि हवा अडते. ब्लोअर, मग ड्रेन ट्रे. ट्रेमध्ये एक लिटर पाणी ओतून पाइपच्या दुसऱ्या टोकाला ते बाहेर पडताना डोळ्यांनी पाहायचं. ही दोन मिनिटांची गोष्ट पोरं टाळतात आणि पाणी टपकण्याचा कॉल बहुतेक इथूनच येतो. बाहेरचं युनिट धुवायचं, पुन्हा 15 मिनिटं चालवायचं, तापमान, फोटो, गिऱ्हाइकाला दोन्ही आकडे दाखवायचे. सुरुवातीचा आकडा घेतलेला असला की ‘सर्व्हिसनंतर बिघडला’ या वादात अर्थ उरत नाही.

गॅसचं काम मात्र पहिले सहा महिने तुमच्याच हातात ठेवा. आर-410ए हा एसीतला गॅस म्हणजे मिश्रण आहे. ते द्रवरूपात, वजनकाट्यावर, युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकंच भरावं लागतं. आर-32 हा दुसरा गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे सिस्टिममध्ये गॅस असताना ब्रेझिंग (नळ्या तापवून जोडणं) नाही. प्रेशर टेस्ट कोरड्या नायट्रोजननेच करायची. ऑक्सिजन लावला तर कॉम्प्रेसरच्या तेलाशी स्फोट होतो. ‘बघून बघून शिकेल’ हे या बाबतीत चालत नाही.

शिकवायला 20 सर्व्हिस पुरतात. पहिल्या पाच त्याने बघायच्या, पुढच्या दहा दोघांनी मिळून, शेवटच्या पाच त्याने करायच्या आणि तुम्ही हात मागे बांधून उभं राहायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. पाना त्याच्या हातातून ओढून घेतलात की मोजणी पुन्हा एकपासून. नंतर दहातल्या दोन गिऱ्हाइकांना तुम्ही स्वतः फोन करायचा, बाकी फोटो बघायचे.

सोसायट्या का गेल्या? तुमचा नंबर हाच धंदा होता आणि तो 12 दिवस उचलला गेला नाही. वेगळं सिम, वेगळा फोन, आणि एका वहीत किंवा साध्या शीटमध्ये प्रत्येक मशीनची नोंद: फ्लॅट नंबर, कंपनी, टन, कोणता गॅस, शेवटची सर्व्हिस. मग जुलै-ऑगस्टमध्ये, काम मंद असताना, एक दिवस फोन बंद करून घरी बसा. संध्याकाळी विचारा: कशासाठी अडलं? पोरगा म्हणेल, कपॅसिटर बदलायचा होता, तुम्हाला विचारायचं होतं. म्हणजे नियम झाला: 1,500 रुपयांपर्यंतचा सुटा भाग गिऱ्हाइकाचा होकार घेऊन परस्पर बदलावा. गिऱ्हाईक घासाघीस करत होतं? 50 रुपयांपर्यंत सूट त्याने द्यावी. पुढच्या महिन्यात तीन दिवस, मग आठवडा. मे महिन्यात हा प्रयोग करायचा नाही.

प्रश्न : डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र आहे. दोन ताई पगारावर आहेत. पहाटे 5 ला सुरू होतं, रात्री 9 वाजतात. विक्री महिन्याला 2 लाखांच्या आसपास, पण शेवटी 30-35 हजारच दिसतात. स्टेशनच्या पलीकडे एक गाळा मिळतोय. दुसरी शाखा काढू का?

उत्तर : नको. दुपारचे दोन तास सोडले तरी तुम्ही रोज 14 तास काम करता. 26 दिवसांचे 364 तास. 33,000 धरले तर तासाला 90 रुपये. आता तुम्ही करता ती कामं दुसऱ्यांना द्यायची ठरवली तर: स्वयंपाकघर सांभाळणारी 18,000, काउंटर-फोन-हिशोब 12,000, पहाटेची खरेदी 5,000. एकूण 35,000. म्हणजे तुम्हाला जे ‘उरतं’ ते तुमच्याच मजुरीचे पैसे आहेत आणि केंद्राचा नफा शून्य आहे. पलीकडच्या गाळ्यात तुम्ही नसणार, तिथे हा शून्य उणे होईल.

आधी पोळीचा हिशोब करू, कारण गळती तिथे असते. 1 किलो कणकेत 650 मिली पाणी गेलं की 1,650 ग्रॅमचा गोळा होतो. 40 ग्रॅमच्या हिशोबाने 41 पोळ्या, एक फाटली-करपली म्हणून 40. कणीक 45 रुपये, तेल 12, गॅस 15, गुंडाळायचा कागद 12, लाटणारीची मजुरी पोळीमागे 2 प्रमाणे 80. एकूण 164, म्हणजे पोळी 4 रुपये 10 पैशांना पडली. 7 ला विकलीत तर 2 रुपये 90 पैसे राहतात आणि त्यातून भाडं, वीज, काउंटर, उरलेला माल, सगळं जायचं. सकाळच्या गर्दीत 200 पोळ्या तुम्ही स्वतः लाटत असाल तर रोजचे 400 रुपये मजुरीच्या रकान्यात लिहा. स्वतःला द्यायचे असले तरी लिहा.

आता गोळा बघा. मऊ, जाडसर पोळी लाटायची सवय असली की गोळा 48 ग्रॅमवर जातो आणि किलोमागे 40 ऐवजी 34 पोळ्या होतात. रोज 15 किलो कणीक लागत असेल तर 90 पोळ्या गायब. दिवसाचे 630 रुपये, 26 दिवसांचे 16,380. कुणी चोरी केलेली नसते, फक्त वजनकाटा नसतो. ताईंना आधी हा काटा अपमान वाटतो. त्यामुळे पहिले चार दिवस तुम्ही स्वतःचे गोळे सगळ्यांसमोर वजन करा. हाताला अंदाज बसला की मग दर पन्नासातला एक तपासला तरी पुरे. मोठीच पोळी द्यायची असेल तर जरूर द्या, पण मग दर 8 लावा.

भाजीच्या बाबतीत ‘माझ्या हाताची चव’ हीच अडचण आहे. चव हातात नसते, मसाल्याच्या प्रमाणात आणि फोडणीच्या वेळेत असते. आठवड्यातून एकदा मसाला तुम्ही स्वतः करा आणि 5 किलो भाजीला एक अशा पुड्या बांधून ठेवा. प्रमाण तुमच्याकडे राहतं आणि स्वयंपाक ताई करू शकतात. कागदावर ‘चवीनुसार मीठ’ असं लिहू नका, ग्रॅम लिहा. चिरलेल्या भाजीचं वजन करा, आणलेल्या नाही. मेथी-पालक निवडल्यावर किती उरते हे दर आठवड्याला वेगळं असतं आणि मीठ तिथेच चुकतं.

पैशांत एकच शिस्त: केंद्राचं वेगळं चालू खातं, क्यूआर कोड त्याच खात्याचा, आणि 1 तारखेला तुमच्या घरच्या खात्यात ठरलेला पगार. सुरुवातीला 25,000 ठेवा. गल्ल्यातून घरच्या भाजीला, मुलाच्या फीला पैसे काढायचे नाहीत. केंद्रातून घरी नेलेला डबासुद्धा दर लावून वहीत. सहा महिने तुमचा पूर्ण 35,000 पगार जाऊन खात्यात काही साठत राहिलं, तर पलीकडच्या गाळ्याचं भाडं विचारायला जा.

प्रश्न : कोल्हापुरात ब्लाउज शिवते. लग्नसराईत दोन-दोन महिने नंबर लागतात. मदतीला मुली ठेवल्या, पण कटिंग दुसरीने केलं की फिटिंग बिघडतं आणि बायका म्हणतात, तुम्हीच शिवा.

उत्तर : कटिंग सगळ्यांत शेवटी सोडायचं, तुम्ही ते आधी सोडलंत. ब्लाउज हे एक काम नाही, पाच आहेत: माप, कटिंग, मशीन, हातकाम (तुरपाई, हूक, लटकन), ट्रायल. आधी हातकाम द्या, मग मशीन, दोन्ही नगावर. माप आणि ट्रायल तुमच्याकडेच. बायकांना तुमचा हात म्हणजे मापाला लागलेला हातच हवा असतो.

कटिंगसाठी फर्मे करा. छाती 30 ते 44, दोन-दोन इंचांच्या फरकाने आठ मापं, प्रत्येकी कटोरी, प्रिन्सेस आणि साधा फोर टक्स. ब्राउन पेपरवर काढून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, मुंढ्याची खूण आणि डॉटचं टोक पंच करून घ्या. मुलीने जवळचा फर्मा ठेवायचा आणि तुम्ही मापाच्या कार्डावर लिहिलेला फरकच फक्त बदलायचा: ‘36 चा फर्मा, खांदा पाव इंच कमी, मागचा गळा 9’. अख्खं कटिंग शिकवायला वर्ष जातं, हे महिन्यात जमतं.

अल्टरला परत आलेल्या प्रत्येक ब्लाउजचं कारण लिहा. खांद्यावरून गळा घसरतो, मुंढा काचतो, धुतल्यावर आखडला. पहिली दोन माप-कटिंगची, तिसरी अस्तराची. सुती अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. शिलाईची चूक असेल तर शिवणारीने ती बिनमजुरीची दुरुस्त करायची, कटिंगची असेल तर तिला अल्टरची मजुरी मिळायची. ही वाटणी पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर भांडणं ठरलेली.

आणि नंबर दोन महिने लागत असतील तर दर वाढवा. एवढी मोठी रांग लागते म्हणजे तुमचा दर बाजारापेक्षा कमी आहे. मुलींची मजुरी त्या वाढीतूनच निघेल.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टची कामं घेतो. शिकवलेला वायरमन दोन वर्षांनी माझीच गिऱ्हाइकं घेऊन गेला. आता नव्या माणसांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावं का, की तीन वर्षं हा धंदा करणार नाही?

उत्तर : स्टॅम्प पेपरचा खर्च वाचवा. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 प्रमाणे कुणाला धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो. नोकरी सोडल्यानंतर ‘हे काम करू नको’ अशी अट कोर्टात टिकत नाही.

गिऱ्हाईक त्याच्याबरोबर गेलं, कारण त्याच्या लेखी काम तोच करत होता. बिल, हमीचं कार्ड, अर्थिंग तपासणीची सहामाही आठवण हे सगळं फर्मच्या नंबरवरून जाऊ दे. कामाच्या शेवटी तुम्ही किंवा सुपरवायझरने एक फोन करायचा. एकाच साइटवर वर्षभर एकच माणूस ठेवू नका. आणि त्याचा पगारही बघा. 18,000 चं बिल तो हातात देतो आणि त्याला दिवसाचे 700 मिळतात, तर गणित त्यालाही येतं. कामावर देखरेख करणाऱ्याला नफ्यात दोन-चार टक्के दिले तर तो जाणारच नाही असं नाही, पण उशिरा जाईल.

माणसं वाढवताना नोंदणीचंही बघा. प्रोफेशन टॅक्सचे तुमचे स्वतःचे वर्षाला 2,500 असतातच. पुरुष कामगाराचा पगार महिन्याला 7,500 च्या वर असेल तर त्याचा कर कापून भरायची वेगळी नोंदणी लागते. महिलांना 25,000 पर्यंत तो कर नाही. 20 माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी लागू होतो.

प्रश्न : भोसरीत लेथ आणि दोन व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) जॉबवर्क करतो. एकटा होतो तेव्हा पैसे पुरायचे. आता 8 माणसं, महिन्याचं बिल 6 लाख, आणि दर 7 तारखेला पगाराची ओढाताण. मोठ्या कंपनीचे पैसे 90 दिवसांनी येतात.

उत्तर : एकटे होतात तेव्हा पैसे उशिरा आले की तुम्ही स्वतःचा पगार पुढे ढकलत होतात. कंपनीला ती उधारी तुमच्या घरखर्चातून मिळत होती. 8 माणसांचा पगार असा ढकलता येत नाही. 6 लाखांचं बिल आणि 90 दिवस म्हणजे 18 लाख रुपये कायम बाहेर. तेवढं खेळतं भांडवल धरूनच मशीन-तासाचा दर काढायला हवा होता. बँकेचं व्याज 12 टक्के धरा, महिन्याला 18,000 होतात. ते दरात घाला.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर आजच करा, फुकट आहे, आणि पुरवठ्याच्या आधीची असलेली बरी. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय 2023-24 पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट कंपनीला आयकरात त्या वर्षी मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच मिळते. त्यामुळे मार्चमध्ये त्यांचा अकाउंट्स विभाग स्वतःहून फोन करतो.

थकलेल्या पैशांसाठी सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. पण 70 टक्के काम एकाच कंपनीचं असेल तर ती शेवटची पायरी ठेवा. त्याआधी ट्रेड्सची (बिलांवर आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेची) चौकशी करा: 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केलं की बँक व्याज कापून पैसे काही दिवसांत देते आणि वसुली कंपनीकडून करते. ‘तुम्ही ट्रेड्सवर आहात ना, माझी बिलं तिथे घ्या’ एवढं विचारायला संबंध बिघडत नाहीत.

दिवस मोजले जातात ते माल स्वीकारल्याच्या तारखेपासून, आणि 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तीच स्वीकारल्याची तारीख. म्हणून चलनावर गेटचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेम्पो परत आणायचा नाही. ड्रायव्हरला हे सांगा, चलन बहुतेक वेळा त्याच्याच सीटखाली सापडतं.